सोन्याची शीर आणि गारगोटीची धूळ

एक तोळा सोने मिळवायला किती दगड फोडावा लागतो, हे सराफाच्या दुकानात कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आज एक टन खडकामागे दोन ते चार ग्रॅम सोने निघाले तरी खाण चालवणे परवडते. म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी अडीच ते पाच टन खडक जमिनीखाली छिद्रे पाडून, सुरुंग लावून फोडायचा, वर आणायचा आणि मग गिरणीत दळून त्याचे पीठ करायचे. त्या पिठातला फार मोठा वाटा असतो तो क्वार्ट्‌झचा, म्हणजे आपल्या गावाकडच्या भाषेत गारगोटीचा. सोन्याची चर्चा भरपूर होते. मला लिहायचे आहे ते या गारगोटीविषयी, कारण सोने कुणाच्या छातीत जात नाही, गारगोटी जाते.

‘केजीएफ’ ही अक्षरे आता चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली आहेत. चित्रपटाची गोष्ट काल्पनिक आहे, गाव मात्र खरे आहे. बंगळूरूच्या पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत कोलार गोल्ड फील्ड्‌स आहे. तिथली खाण २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाली. त्याआधीच्या सुमारे एकशेवीस वर्षांत तिथून आठशे टनांच्या आसपास सोने निघाले. वैद्यकीय महाविद्यालयात सामाजिक वैद्यकशास्त्राचे पुस्तक उघडले, की सिलिकोसिसच्या प्रकरणात पहिले भारतीय नाव येते तेही कोलारचेच. एकाच जागेची ही दोन नावलौकिके आहेत आणि दोन्हींचे मूळ एकाच दगडात आहे. म्हणून थोडे भूगर्भात शिरावे लागेल.

कोलारची सोन्याची खाण ज्या खडकात आहे त्याला भूवैज्ञानिक ‘ग्रीनस्टोन बेल्ट’ म्हणतात. उत्तर-दक्षिण सुमारे ऐंशी किलोमीटर लांब आणि जेमतेम चार-सहा किलोमीटर रुंद असा हा पट्टा आहे. कर्नाटक-आंध्रात असे अनेक पट्टे आहेत आणि त्या सगळ्या प्रदेशाला आपल्या शेजारच्या धारवाडचे नाव मिळाले आहे. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर ओतलेला हा लाव्हा, म्हणजे मुळात बेसॉल्टच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा. कोलारच्या खडकापुढे सह्याद्री कालचे पोर आहे. हा जुना बेसॉल्ट पुढे जमिनीखाली गाडला गेला, दाबला गेला, तापला आणि त्यातल्या खनिजांची जागा हिरवट खनिजांनी घेतली. म्हणून तो हिरवा दगड.

आता सोने. ते या खडकात सुरुवातीपासून डल्ल्यांच्या रूपात पडलेले नव्हते. खोलवर, काही किलोमीटर खाली, खडक तापताना त्यातले पाणी सुटते. तीनशे-चारशे अंश तापमानाचे, प्रचंड दाबाखालचे हे पाणी आपल्या नळाच्या पाण्यासारखे निरुपद्रवी नसते. त्यात सिलिका विरघळते, गंधकाची संयुगे असतात, आणि त्या गंधकाशी जोडी जमवून सोन्याचे अणूही विरघळतात. सोने कशातच विरघळत नाही ही आपली समजूत दागिन्यांपुरती खरी आहे. हे पाणी वर येण्याची वाट शोधते. वाट नसेल तर दाब वाढत जातो. मग कधीतरी भूकंप होतो, खडक तडकतो, पाणी त्या भेगेत घुसते आणि दाब एकदम उतरतो. दाब उतरला की विरघळलेली सिलिका टिकत नाही, ती पांढऱ्या क्वार्ट्‌झच्या रूपात भेगेतच साकळते. भोवतालच्या हिरव्या खडकात लोह भरपूर. ते पाण्यातला गंधक ओढून घेते, पायराइट तयार होते आणि जोडीदार गमावलेले सोने तिथेच खाली बसते. भेग बुजते. पुन्हा दाब वाढतो, पुन्हा तडा, पुन्हा साका. हे हजारो वेळा घडले तेव्हा कुठे खाणीत हातभर, कधी पुरुषभर जाडीची पांढरी शीर तयार झाली. कोलारच्या अशा मुख्य शिरेला ‘चॅम्पियन रीफ’ म्हणत.

शल्यविशारद सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ही तर जखमेची खूण आहे. उपमा बरोबर आहे. खडकाला भेग पडली की निसर्ग ती गारगोटीने शिवतो. त्या शिवणीत सोने अडकलेले असते, पण प्रमाण लक्षात घ्या. टनाला चार ग्रॅम म्हणजे दहा लाखांत चार भाग. खाणकामगाराचे ड्रिल सोन्याच्या नावाने चालते, पण ते कापत असते ती गारगोटी.

ही शीर माणसाला फार पूर्वीच सापडली होती. कर्नाटकातच रायचूर जिल्ह्यात हट्टी येथे सोन्याची सरकारी खाण आजही चालू आहे. तोही ग्रीनस्टोनचाच पट्टा. तिथे इंग्रजांच्या कितीतरी आधीच्या, खडक तापवून आणि त्यावर पाणी ओतून फोडलेल्या खोल जुन्या खाणी आढळल्या. जवळच मस्की आहे. सम्राट अशोकाचे नाव थेट घेणारा शिलालेख तिथे १९१५ साली सापडला, आणि शोधणारा होता सोन्याच्या खाणीचा एक इंग्रज अभियंता. सोने शोधायला निघालेल्या माणसाला अशोक सापडला. असो.

कोलारला आधुनिक खाणकाम सुरू झाले ते १८८० नंतर, जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने सूत्रे घेतल्यावर. सुरुवातीला टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने निघे. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथून या खाणीसाठी वीज आली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांत दिवे तेलाचे होते. शीर खाली जात राहिली तसे कामगारही खाली गेले. शेवटी चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल पोहोचली. तिथल्या खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर, आणि वरच्या वजनाने खडक स्फोटासारखा फुटण्याची भीती कायमची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह याच खाणीच्या पोटात उपकरणे बसवून १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद घेतली. इतक्या खाली दुसरे कुठलेच कण पोहोचत नाहीत, म्हणून ती जागा निवडली होती. दुसरे कुठलेच कण पोहोचत नाहीत हे आकाशातून येणाऱ्या कणांबद्दल खरे. खाणीत तयार होणाऱ्या कणांची गोष्ट वेगळी आहे.

आमच्या लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडण्याचा खेळ होता. आजच्या मुलांना तो ठाऊक आहे की नाही कोण जाणे. घासल्यावर फिकट उजेड दिसायचा आणि जळकट वास यायचा. तो उजेड म्हणजे स्फटिक तुटताना सुटलेली ऊर्जा. क्वार्ट्‌झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची घट्ट जाळी असते. ती तोडली की तुटलेल्या टोकांवर अत्यंत क्रियाशील रेणू उघडे पडतात. नदीकाठची वाळूही क्वार्ट्‌झचीच असते आणि त्यात मुले दिवसभर खेळतात, त्यांना काही होत नाही. एक तर वाळूचा कण मोठा, नाकातच अडकणारा. दुसरे म्हणजे त्याचा पृष्ठभाग हजारो वर्षांत गुळगुळीत आणि थंड झालेला. नुकत्याच फोडलेल्या, दळलेल्या गारगोटीचा कण मात्र धारदारही असतो आणि रासायनिकदृष्ट्या जागाही. ताजी धूळ जुन्या धुळीपेक्षा जास्त घातक असते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ड्रिलसमोर उभा असलेला माणूस जगातली सर्वांत ताजी धूळ ओढत असतो.

डोळ्यांना दिसते ती धूळ बहुतेक वेळा नाकात आणि घशात अडकते, थुंकीतून बाहेर पडते. घातक असते ती न दिसणारी, पाच मायक्रॉनहून लहान कणांची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात. कामगार म्हणतो, आता धूळ बसली. ती बसलेली नसते. हे कण श्वासनलिकांची सगळी वळणे पार करून थेट वायुकोशांत पोहोचतात. तिथल्या पृष्ठभागाचा विस्तार बॅडमिंटनच्या मैदानाएवढा असतो आणि राखणीला असतात मॅक्रोफेज नावाच्या पेशी, म्हणजे फुप्फुसाचे सफाई कामगार. ते जंतू गिळतात, कोळशाचा कण गिळतात, आणि गारगोटीचा कणही गिळतात. जंतू पचतो. गारगोटी पचत नाही. ती त्या पेशीच्या पोटातल्या पाचक पिशव्या फोडते, पेशी मरते, मरताना दाहाचे संदेश सोडते आणि गिळलेला कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी येते, तोच कण गिळते, तीही मरते. एकच कण वर्षानुवर्षे हेच करत राहतो. प्रत्येक वेळी भोवती थोडा व्रण तयार होतो. हळूहळू फुप्फुसात तांदळाच्या दाण्याएवढ्या टणक गाठी होतात, पुढे त्या एकमेकींत मिसळतात आणि फुप्फुस आकसते. याला सिलिकोसिस म्हणतात.

या आजाराची एक गोष्ट नातेवाईकांना समजावणे मला आजही अवघड जाते. काम सोडले तरी आजार थांबत नाही. विडी सोडली, दारू सोडली की काही ना काही फायदा होतो असे आपण सांगत असतो. इथे कण आत शिरलेले आहेत, ते निघत नाहीत. बहुधा दहा-वीस वर्षांच्या धुळीनंतर आजार दिसू लागतो. धूळ फारच दाट असेल तर पाच वर्षांत, क्वचित काही महिन्यांतही. ही गाठ विरघळवणारे औषध नाही. खोकल्याचे, दम्याचे, जंतुसंसर्गाचे उपचार आम्ही करतो, शेवटी प्राणवायू देतो. फुप्फुस प्रत्यारोपण हा उपाय कागदावर आहे, पण दगड फोडणाऱ्या मजुराला तो कुठल्या जन्मी मिळणार? क्वार्ट्‌झची धूळ फुप्फुसाचा कर्करोग करते, हेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच मान्य केले आहे.

कोलारमध्ये खाण सुरू झाली १८८० साली आणि सिलिकोसिसची नोंद झाली १९३४ साली. मधली अर्धशतकाहून अधिक वर्षे कामगारांची फुप्फुसे निरोगी होती असे कुणी मानू नये. त्या काळात दमलेला, खोकणारा माणूस गावी परत जाई आणि तिथे क्षयाने गेला असे म्हटले जाई. हे कामगार बहुतांशी तमिळ प्रदेशातून आलेले, त्यातले बहुसंख्य दलित. खाणीच्या दप्तरात मृत्यू नोंदवला जाई तो खाणीत झालेल्या अपघाताचा. घरी जाऊन तीन वर्षांनी झालेल्या मृत्यूचा खाणीशी संबंध जोडणार कोण? म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये सिलिकोसिसच्या भरपाईसाठी स्वतंत्र नियम केले. पुढच्या काही वर्षांत साडेसात हजारांहून अधिक कामगारांची एक्स-रेसह तपासणी झाली, तेव्हा शंभरांतल्या चाळीसहून अधिक जणांत सिलिकोसिस आढळला. आकडा पुन्हा वाचावा. दहांतले चार. आणि हे कामावर हजर असलेले कामगार होते. जे दम लागून आधीच घरी गेले ते या मोजणीत आलेलेच नाहीत.

आजार नवा नव्हता, उपायही नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल यंत्रे आली. काम भराभर होऊ लागले आणि धूळही तितकीच उडू लागली. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी त्या यंत्राचे नाव ठेवले होते ‘बायकांना विधवा करणारे’. लवकरच ड्रिलची दांडी पोकळ करून तिच्यातून पाणी सोडण्याची सोय निघाली. छिद्र ओले राहते आणि धूळ जन्मतःच चिखल होते. सुरुंगानंतर हवा खेळू द्यायची, ढिगावर पाणी मारायचे, मगच माणसे आत सोडायची. एवढे केले की धूळ फार मोठ्या प्रमाणात कमी होते. मास्क हा त्यानंतरचा उपाय आहे. चाळीस अंशांच्या उकाड्यात आठ तास एन-९५ लावून दगड फोडा असे सांगणाऱ्याने आधी स्वतः तासभर तसे करून पाहावे. तोंडाला बांधलेला रुमाल तर निव्वळ मनाचे समाधान आहे. पाच मायक्रॉनचा कण त्यातून आरामात जातो.

मग हे सारे ऐंशी वर्षांपासून माहीत असताना आजही सिलिकोसिस का होतो? कारण खाण बदलते, दगड तोच राहतो, आणि शहाणपण खाणीबरोबर बंद होते. गुजरातेत गोध्रा परिसरात क्वार्ट्‌झ दळण्याचे कारखाने होते. ती भुकटी काचेच्या उद्योगाला लागते. तिथे काम करायला येत मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी. अलिराजपूर म्हणजे आपल्या नंदुरबारला लागून. त्या गारगोटीत सोन्याचा कणही नव्हता, पण फुप्फुसांत जायचे ते गेलेच. काही वर्षांतच तरुण माणसे गावी परतून मरू लागली. हे प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. २०१६ साली न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. कोलारला जे व्हायला वीस वर्षे लागत ते इथे याहून कितीतरी लवकर झाले, कारण कोलारला निदान ओले ड्रिल आणि खाणीचे इस्पितळ होते. इथे कोरडी गिरणी आणि बंद शेड.

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल, आपल्याकडे कुठे सोन्याची खाण आहे? खाण नाही, विदर्भातल्या जुन्या खडकांत सोन्याचे अंश आढळल्याच्या नोंदी मात्र आहेत. आपल्या राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आहे आणि त्यात मोकळा क्वार्ट्‌झ फार कमी असतो. त्यामुळे पुणे-सातारा भागातल्या खडी केंद्राची धूळ त्रासदायक असली तरी गारगोटीच्या धुळीइतकी जहरी नाही. पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणात खडक बदलतो, क्वार्ट्‌झ वाढतो, धोकाही वाढतो. शिवाय दगडाला जिल्ह्याच्या हद्दी नसतात. ओतकामाच्या भट्टीत लागणारी वाळू, सँडब्लास्टिंग, ग्रॅनाइटच्या लाद्या कापणे, घरोघरी बसणारे कृत्रिम क्वार्ट्‌झचे ओटे, या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कोरड्या कटरने तेच काम करत असतो. चकचकीत ओट्यासाठी वापरला जाणारा हा कृत्रिम दगड नव्वद टक्क्यांपर्यंत क्वार्ट्‌झचा असतो. ऑस्ट्रेलियात तो कापणाऱ्या तरुणांना इतक्या लवकर सिलिकोसिस झाला, की २०२४ च्या जुलैपासून त्या देशाने त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे बांधकामाच्या जागी तो उघड्यावर, तोंडाला काहीही न लावता कापला जाताना कुणीही पाहू शकतो.

हे रुग्ण आमच्यापर्यंत येतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा क्षयरोगाची फाइल असते. कोर्स एकदा झालेला, काहींचा दोनदा. थुंकीत जंतू सापडलेला नसतो. एक्स-रेत वरच्या भागात ठिपके असतात, आणि वरच्या भागात ठिपके म्हणजे टीबी हे समीकरण आपल्या देशात इतके घट्ट बसले आहे, की पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. सिलिकोसिसचे ठिपकेही तिथेच असतात. गुंता असा, की सिलिकोसिस असलेल्याला खरोखरचा क्षय होण्याची शक्यताही इतरांच्या तिप्पट-चौपट असते. क्षयाच्या जंतूला आवरणारी पेशी तीच मॅक्रोफेज, जी गारगोटी गिळून मेलेली असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सिलिकोसिसच्या रुग्णांत लपलेल्या क्षयसंसर्गाची तपासणी करावी आणि क्षय झालेला नसला तरी प्रतिबंधक उपचार द्यावा. पण त्यासाठी आधी सिलिकोसिस आहे हे कळायला हवे. टीबीमुक्त भारताच्या घोषणेत खडी केंद्र, ओतशाळा आणि कटरवाला यांची यादी असायला हवी होती. ती नाही.

निदान झाले नाही तर भरपाईही नाही. कायद्यानुसार सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे, भरपाईच्या कायद्यातही त्याचे नाव आहे. हे कायदे मालक ओळखता येईल असे गृहीत धरतात. आजचा मजूर ठेकेदारामार्फत तीन वर्षे एका राज्यात, दोन वर्षे दुसऱ्या राज्यात काम करतो, हजेरीची पावती त्याच्याकडे नसते आणि आजार पंधरा वर्षांनी उगवतो. राजस्थानने २०१९ मध्ये यातून मार्ग काढला. सरकारी मंडळाने सिलिकोसिस प्रमाणित केला, की मालक शोधत न बसता रुग्णाला तीन लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. त्या योजनेत उणिवा आहेत, दिरंगाई आहे, पण तिने एक गोष्ट केली: लोक तपासणीला येऊ लागले. महाराष्ट्राने असे धोरण करायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधितांसाठीच असतो आणि आरोग्य हा त्याच्या अग्रक्रमातला विषय आहे. त्यातून रस्ते आणि सभामंडप होऊ शकतात तर एक्स-रेची फिरती गाडीही होऊ शकते.

धुळीची मर्यादाही बदलायला हवी. १९६१ च्या धातू-खाण नियमावलीप्रमाणे श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा काढायला पंधरा या आकड्याला क्वार्ट्‌झच्या टक्केवारीने भागतात. गणित केले तर टक्केवारी कितीही असो, प्रत्यक्ष क्वार्ट्‌झ ०.१५ मिलिग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत चालतो. अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या उद्योगांसाठी ही मर्यादा ०.०५ केली. भारतीय कामगाराचे फुप्फुस तिप्पट गारगोटी सहन करते असे माझ्या वाचनात नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण सोन्याचा भाव. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाची पातळी ओलांडली आणि टनामागे एखाद्या ग्रॅमसाठीही खडक उकरणे परवडेल असे गणित मांडले जाऊ लागले. आंध्रात कर्नूल जिल्ह्यातल्या जोन्नगिरीला, पुन्हा एका ग्रीनस्टोनच्याच पट्ट्यात, खासगी खाण उभी राहते आहे. कोलारमध्ये खाणीच्या गिरणीतून निघालेल्या पिठाच्या टेकड्या आहेत, सुमारे तीन कोटी टनांहून अधिक. गावकरी त्यांना सायनाइडच्या टेकड्या म्हणतात, कारण सोने वेगळे करायला सायनाइड वापरले जाई. उन्हाळ्यात वारा सुटला की ते पीठ वस्तीवर येते. त्यात टनामागे ग्रॅमपेक्षाही कमी सोने शिल्लक आहे आणि तेवढ्यासाठी त्या टेकड्या पुन्हा उकरण्याची तयारी चालू आहे. मी त्याच्या विरोधात नाही. रोजगार गेलेल्या गावाला काम मिळेल, आणि टेकड्या नीट हलवल्या तर धूळही कायमची जाईल. पण तीन कोटी टन बारीक पीठ उचलणे म्हणजे काय, हे परवानगी देणाऱ्याने समजून घ्यावे. कामावर घेताना प्रत्येकाचा एक्स-रे, दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा, आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात. ठेकेदाराच्या कपाटात नव्हे. काम सुटल्यावरही निदान वीस वर्षे मोफत तपासणी, कारण आजार तेव्हाच दिसतो. हवेतली धूळ मोजलेले आकडे गावाच्या चावडीवर लावलेले. एवढी अट परवान्यात लिहिता येते.

डॉक्टरांसाठी काम याहून सोपे आहे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो आणि त्यात बहुतेकदा ‘मजुरी’ असे लिहून ठेवलेले असते. जुनाट खोकला, दम किंवा दुसऱ्यांदा टीबीचा संशय घेऊन आलेल्या प्रत्येकाला तिथे थांबून विचारावे: मजुरी कसली? दगडाची, वाळूची, लादीची? कोरडे कापायचे की पाणी मारून? किती वर्षे, कुठल्या गावी? बरोबरच्यांपैकी कुणाला असाच दम लागतो का? शेवटच्या प्रश्नाला अनेकदा चार-पाच नावे एकदम येतात. ती नावे तिथेच, त्याच कागदावर, पत्त्यासह लिहून घ्यावीत.